स्पर्धेच्या पिस्तुलासाठी शिशाची गोळी: कठीणपणाचा गैरसमज आणि मापाचे गणित

अमेरिकेत ‘बुल्सआय’ या नावाने रुळलेली पिस्तूल नेमबाजीची एक जुनी स्पर्धा आहे. तीत नेमबाज एकाच हाताने पिस्तूल धरून ५० आणि २५ यार्डांवरच्या कागदी लक्ष्यांवर एकूण २७० गोळ्या झाडतो आणि त्याचे गुण २७०० पैकी मोजले जातात. त्यांपैकी ९० गोळ्या .२२ च्या पिस्तुलाने (हे आकडे म्हणजे नळीच्या व्यासाचे इंचातले ढोबळ माप), ९० सेंटरफायर पिस्तुलाने (ज्याच्या काडतुसाचा ठिणगी देणारा भाग बुडाच्या मधोमध असतो) आणि ९० गोळ्या .४५ च्या पिस्तुलाने झाडायच्या असतात. सेंटरफायरच्या फेरीतही .४५ चालत असल्यामुळे बरेच नेमबाज दोन्ही फेऱ्या त्याच पिस्तुलाने उरकतात. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी असलेले कॅम्प पेरी हे १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे माहेरघर मानले जाते. तिथवर पोहोचायचे तर वर्षभर सराव हवा, आणि सराव म्हणजे हजारो काडतुसे. .२२ चे काडतूस एकदाच वापरता येते; .४५ च्या काडतुसाची पितळी पुंगळी मात्र पुन्हा पुन्हा भरता येते. अशा वेळी खर्चात शिशाच्या गोळीचाही मोठा वाटा असल्यामुळे ती घरीच ओतण्याची परंपरा तिथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

पैशाची बचत हे यामागचे पहिले कारण असले, तरी दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कारखान्यातून आलेली गोळी सरासरी नळीसाठी बनवलेली असते, तर स्वतः ओतलेली गोळी आपल्या नळीच्या मापाची करता येते. या लेखात ओतकामाची कृती सांगण्यापेक्षा त्यामागची कारणे उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. कारण कृती सोपी आहे आणि चुका बहुतेक वेळा कारणे न समजल्यामुळे होतात.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश दारूगोळ्यातच होतो, आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. म्हणजे अमेरिकेत दुकानात सहज मिळणारा गोळीचा साचा आपल्याकडे केवळ हौसेची वस्तू राहत नाही. आपले नेमबाज कारखान्यात बनलेली काडतुसेच वापरतात. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तूल स्पर्धांतली गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ धातूचीच असावी लागते, तांब्याच्या वेष्टणाची गोळी तिथे चालत नाही. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते .२२ च्या शिशाच्या गोळीवरच. जसपाल राणाने २००६ मध्ये दोहा येथे सेंटरफायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारातही गोळी शिशाचीच असते. त्यामुळे शिशाची गोळी नळीत कशी वागते हे समजून घेणे इथल्या नेमबाजालाही उपयोगाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नवशिक्यांमध्ये एक समज घट्ट रुतलेला आहे: शिसे मऊ असते, मऊ धातू नळीत घासून चिकटतो, म्हणून गोळी जितकी कठीण तितकी चांगली. हा समज निशाणीच्या पिस्तुलाच्या बाबतीत जवळजवळ उलटा आहे.

नळीच्या आतल्या भिंतीवर पिळदार खाचा असतात आणि दोन खाचांच्या मध्ये उंचवटे असतात. गोळी या उंचवट्यांत रुतून पुढे सरकते, त्यामुळे तिला फिरकी मिळते. .४५ च्या पिस्तुलात खाचांच्या तळापासून तळापर्यंतचा व्यास साधारण .४५१ इंच असतो. गोळीचा व्यास त्याहून थोडा कमी असला, तर तिच्या कडेने बारीकशी फट राहते आणि मागचा तप्त वायू त्या फटीतून सुसाट पुढे जातो. जाताना तो गोळीच्या कडा अक्षरशः कापत आणि वितळवत जातो, आणि तो वितळलेला धातू पुढच्या थंड भिंतीवर जाऊन बसतो. नळीत शिसे साचण्याचे सर्वांत सामान्य कारण हे आहे. दोष घासण्यापेक्षा गळतीचा अधिक असतो. म्हणून शिशाची गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक सहस्रांश इंचाने मोठी, म्हणजे .४५२ इंच ठेवण्याचा प्रघात आहे. एक सहस्रांश इंच म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, डोक्याच्या केसाची जाडीही याहून जास्त भरते.

माप थोडे चुकलेच तर मऊ गोळी ते काही अंशी सावरून घेते. मागून दाब आला की तिचा तळ किंचित फुगतो आणि फट बुजते. हे कोणत्या दाबाला घडेल याचा एक ढोबळ आडाखा ओतकाम करणाऱ्यांत प्रचलित आहे: धातूच्या ब्रिनेल कठीणतेला (कठीणपणाचे एक प्रचलित माप) १४२२ ने गुणले की तळ दबू लागण्याचा दाब पौंड प्रति चौरस इंच या एककात मिळतो. १४२२ हा आकडा कुठून आला, तर ब्रिनेल मापन किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरमध्ये असते आणि त्याचे पौंड-इंचात रूपांतर करणारा तो गुणक आहे. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता ५ च्या आसपास असते. चाकांच्या समतोलासाठी रिमवर अडकवायच्या जुन्या वजनांचे शिसे १० च्या आसपास भरते. नव्वद टक्के शिसे, पाच टक्के कथील आणि पाच टक्के अँटिमनी हे ‘लायमन नंबर दोन’ नावाचे प्रसिद्ध मिश्रण १५ पर्यंत जाते, आणि छापखान्यातला लायनोटाइप धातू २२ पर्यंत.

हे आकडे आडाख्यात घालून पाहावेत. दहा कठीणतेच्या गोळीसाठी उत्तर येते १४,२२० आणि लायनोटाइपच्या गोळीसाठी ३१,२८४. आता .४५ च्या काडतुसाला अमेरिकी उद्योगमानकाने घालून दिलेली कमाल मर्यादा आहे २१,००० पौंड प्रति चौरस इंच, आणि निशाणीची सौम्य काडतुसे तर त्याच्या बरीच खाली असतात. म्हणजे लायनोटाइपची गोळी या पिस्तुलात फुगून फट बुजवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती मापाला तंतोतंत असेल तर उत्तम चालेल, नसेल तर नळी शिशाने माखेल. मग नेमबाज म्हणेल की शिसे मऊ पडले, आणि पुढच्या वेळी आणखी कठीण मिश्रण करील. हे दुष्टचक्र मोडायचे असेल तर आधी मायक्रोमीटर हातात घ्यावा आणि मिश्रणाचा विचार मागाहून करावा. कठीण गोळीची खरी गरज वेगवान काडतुसांना असते. सेकंदाला साडेसातशे फूट, म्हणजे सुमारे २३० मीटर वेगाने जाणाऱ्या निशाणीच्या गोळीला आठ ते बारा कठीणता पुरेशी आहे.

नळीत शिसे नेमके कुठे साचले आहे हे पाहूनही कारण ओळखता येते. काडतूस बसते त्या टोकाला, खाचा सुरू होतात तिथेच थर दिसला, तर गोळी मापाला कमी पडते आहे असे समजावे. उलट नळीच्या तोंडाकडे थर दिसला, तर बहुधा वंगण अर्ध्या वाटेत संपते आहे. हे वंगण गोळीच्या अंगावरील खोबणीत भरलेले असते. मधमाश्यांचे मेण आणि ‘ॲलॉक्स’ हे पेट्रोलियमजन्य द्रव्य निम्मे-निम्मे घेऊन केलेले मिश्रण यासाठी अनेक दशके वापरले जात आहे. अलीकडे बरेच जण त्याऐवजी गोळीवर रंगाच्या कोरड्या पावडरीचा थर देऊन ती भट्टीत भाजून घेतात. त्याने धूर कमी होतो आणि हातही चिकट होत नाहीत. फक्त थरामुळे व्यास वाढतो, म्हणून मापावर आणण्याचे काम त्यानंतर करावे लागते.

मिश्रणात कथील आणि अँटिमनी का घालतात, याचे उत्तर छापखान्यात मिळते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या देवनागरी खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, लौकिक देशभर पसरला. छापखान्यांचे ते खिळे ज्या जातीच्या धातूत ओतले जात, त्यातही हीच त्रयी असे: शिसे, कथील आणि अँटिमनी. खिळ्याची कड धारदार उमटली पाहिजे आणि तो थंड होताना आक्रसता कामा नये, या दोन्ही गरजा गोळीच्याही आहेत. शुद्ध शिसे घट्ट होताना आकारमानात साधारण साडेतीन टक्के आक्रसते. अँटिमनी हे आक्रसणे कमी करते आणि कठीणपणा देते. कथिलामुळे रसाचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे तो साच्याच्या काना-कोपऱ्यांत नीट शिरतो. मात्र कथील महाग आहे आणि दोन टक्क्यांपलीकडे त्याचा फारसा लाभ होत नाही, म्हणून सढळ हाताने ते घालणे ही उधळपट्टीच म्हणावी लागेल. वितळणबिंदूंची एक गंमतही लक्षात घेण्याजोगी आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, अँटिमनी ६३० अंशांना, पण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील एकत्र केले की ते मिश्रण सुमारे २४० अंशांनाच पातळ होते. लायनोटाइप यंत्राला हाच गुण हवा होता.

भंगारातून शिसे घेताना दोन गोष्टींपासून जपावे लागते. पहिली म्हणजे जस्त. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी चाकांच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातल्यापासून जस्ताची आणि पोलादाची वजने भंगारात मिसळू लागली. जस्त शिशात विरघळले की रस दाट होतो आणि गोळीच्या कडा भरत नाहीत. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि शिशापेक्षा बरेच हलकेही असते, त्यामुळे वितळवताना भांड्याचे तापमान ४०० अंशांच्या आत ठेवले तर जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात आणि पळीने काढून टाकता येतात. दुसरी गोष्ट मोटारीच्या बॅटरीच्या पट्ट्या. त्या कधीही वितळवू नयेत. त्यांत आम्ल असते, आणि आर्सेनिक, अँटिमनी व कॅल्शियम यांच्या संयोगातून ओल्या मळीमधून आर्सीन आणि स्टिबीन हे अत्यंत विषारी वायू बाहेर पडू शकतात.

वितळलेल्या रसावर राखाडी मळी धरते. तिच्यात केवळ कचरा नसतो. ऑक्सिडीकरण झालेले कथीलही बरेच असते. ती तशीच काढून फेकली तर पैसे आणि गुण दोन्ही जातात. म्हणून रसात थोडे मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून तो ढवळतात. जळणारा कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कथील पुन्हा रसात उतरते. भांड्यांना कल्हई करणारे नवसागर वापरत, तेही धातूचा पृष्ठभाग ऑक्साइडमुक्त करण्यासाठीच, रसायन मात्र वेगळे.

प्रत्यक्ष ओतताना साच्याचे तापमान हीच खरी कसोटी असते. साचा ॲल्युमिनियमचा, लोखंडाचा किंवा पितळेचा असतो. तो दोन अर्ध्या ठोकळ्यांचा असून त्यावर एक सरकती पट्टी असते आणि पट्टीतल्या छिद्रातून रस आत जातो. थंड साच्यात ओतलेली गोळी सुरकुतलेली निघते; साच्याला तेल लागले असले तरीही असेच होते. फार तापलेल्या साच्यातली गोळी दव पडल्यासारखी मळकट पांढरी दिसते. ती बहुधा वापरण्याजोगी असते, पण पुढची पायरी कडा गोलसर होण्याची आहे. सुरुवातीच्या काही गोळ्या सरळ पुन्हा भांड्यात टाकायच्या असतात, आणि एकदा साचा तापला की एकसारख्या लयीत काम करायचे असते. मध्येच थांबून गोळ्या न्याहाळत बसले की साचा निवतो आणि पुढच्या गोळ्या बिघडतात.

बारकाईने पाहण्यासारखा क्षण आहे तो पट्टीवरच्या थेंबाचा. साचा भरल्यावर पट्टीवर मुद्दाम रसाचा मोठासा थेंब राहू देतात. आतली गोळी आक्रसू लागली की ती या थेंबातून रस ओढून घेते, आणि पाहणाऱ्याला थेंबाच्या मधोमध लहानशी खळगी पडताना दिसते. मग चकचकीत पृष्ठभागावर एकाएकी धूसरपणा पसरतो. रस घट्ट झाल्याची ही खूण. त्यानंतर काही क्षण थांबूनच पट्टी सरकवावी. घाई केली तर धातू पट्टीखाली फरफटतो किंवा गोळीच्या तळातून टवका निघून जातो. थेंब पुरेसा ठेवला नाही तर आत पोकळी राहते. कोल्हापूर हे जसे तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांचे गाव, तसेच ओतशाळांचेही गाव आहे. तिथला कारागीर हे वर्णन वाचून लगेच म्हणेल की ओतीव वस्तूत रस पुरवणारा साठा कमी पडला की असेच व्हायचे.

तळाला इतके महत्त्व का, तर नळीतून बाहेर पडताना वायूशी शेवटचा संबंध तळाचाच येतो. तळाची कड एका बाजूला तुटलेली असेल तर त्या बाजूने वायू क्षणभर आधी निसटतो आणि गोळीला कलते करतो. फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकी डॉक्टराने अनेक वर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये हे मांडले: गोळीचे नाक बिघडवले तरी नेमात फारसा फरक पडत नाही, तळ बिघडवला तर मात्र नेम भरकटतो. म्हणून अनुभवी माणूस गोळी हातात घेतल्यावर आधी ती उलटी करून तळ पाहतो.

आतली पोकळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती तराजूवर पकडावी लागते. यामागचे गणित मला फार पटते, म्हणून ते जरा सविस्तर देतो. .४५ च्या पिस्तुलाच्या नळीत साधारणपणे सोळा इंचांत एक पूर्ण पीळ असतो. सेकंदाला ७५० फूट वेगाने निघालेली गोळी त्यामुळे मिनिटाला ३३,७५० फेरे घेत असते. तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून जरासा बाजूला असेल, तर नळीतून सुटताना तो मध्य त्या क्षणी ज्या दिशेला जात असेल त्या दिशेला गोळी फेकली जाते. गुरुत्वमध्य एक सहस्रांश इंच सरकलेला असेल, तर ५० यार्डांवर गोळी सुमारे १८ मिलिमीटर बाजूला पडते. त्या अंतरावरच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ३.३६ इंच, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर असतो, आणि त्याच्या आतील एक्स वर्तुळाचा ४३ मिलिमीटर. १८ मिलिमीटर म्हणजे मध्यापासून एक्स वर्तुळाच्या कडेजवळपर्यंत जाण्याइतके विचलन, तेही नेमबाजाचा हात जराही न हलता.

प्रत्यक्ष पोकळी केवढी असते? समजा १३ ग्रॅमच्या, म्हणजे २०० ग्रेनच्या गोळीत अक्षापासून तीन मिलिमीटर अंतरावर दोन मिलिमीटर व्यासाची पोकळी राहिली. गोळीचे वजन साधारण ०.७ ग्रेनने कमी होईल आणि ५० यार्डांवर सात-आठ मिलिमीटरचे विचलन होईल. म्हणून गोळ्या वजन करून गटांत लावल्या आणि सरासरीपेक्षा एक ग्रेन किंवा अधिक हलक्या असलेल्या बाजूला काढल्या, तर खरोखर घातक पोकळ्या बहुतेक गळून जातात. त्याहून बारीक वर्गवारी करण्यात वेळ घालवणे मला तरी अनाठायी वाटते, कारण एका हाताने पिस्तूल धरणाऱ्या माणसाचा स्वतःचा कंप त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. २५ यार्डांच्या जलद फेरीसाठी तर वजन करण्याचीही गरज नाही. नुसता तळ पाहून घेतला तरी भागते.

राहता राहिली आरोग्याची बाब, आणि तिच्यातही एक गैरसमज आहे. लोक शिशाच्या वाफेला घाबरतात. ओतकामाच्या ३५० ते ४०० अंश तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. खरा धोका आहे मळीच्या बारीक भुकटीचा, जी हातांवरून, कपड्यांवरून आणि जेवणाच्या ताटातून पोटात जाते. शरीरातले शिसे रक्तातून काही आठवड्यांत कमी होत असले, तरी हाडांत ते वर्षानुवर्षे मुरून राहते. मुलांना धोका सर्वाधिक: अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. त्यामुळे स्वयंपाकघरात, स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा मुले वावरतात तिथे हे काम करायचे नाही. मळी झाकणाच्या डब्यात ठेवायची, जागा कोरडी झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याचा पेलाही उचलायचा नाही.

पाण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो: तप्त रसाच्या जवळ ते मुळीच नको. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. दमट पळी किंवा ओला भंगाराचा तुकडा रसाखाली बुडाला, तर भांड्यातले शिसे छतापर्यंत उडते. म्हणून भंगार नेहमी थंड भांड्यात घालून तापवत न्यावे, चालू भांड्यात टाकायचेच असेल तर आधी पूर्ण कोरडे आणि गरम करून घ्यावे. चेहऱ्यावर ढाल, हातांत चामड्याचे मोजे, पायांत बंद बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा असावा. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. जे नियमितपणे ओततात किंवा बंदिस्त रेंजवर सराव करतात, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. तीत पातळी वाढलेली आढळली तर केवळ ओतकामाला दोष देऊन चालत नाही, कारण बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्येही (दारू पेटवणाऱ्या भागात) शिशाचे संयुग असते आणि बंदिस्त रेंजवर हवा खेळती नसेल तर ते श्वासावाटे शरीरात जाते.